ब्लीड प्लेटमागच्या मॅडमना, मनापासून आभार

मॅडम, सादर नमस्कार.

ध्वनीपेक्षा वेगवान विमानाच्या इनटेकमधल्या (इंजिनाला हवा पुरवणाऱ्या मार्गातल्या) ब्लीडवरच्या माझ्या प्रबंधात आभाराच्या पानावर तुमच्या वाट्याला एकच ओळ आली. ती अपुरी आहे. शिवाय तुम्ही शिकवलंत ते या विषयात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाच्या उपयोगाचं आहे, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहिते आहे.

शॉक (ध्वनीपेक्षा वेगवान प्रवाहात जिथे दाब एकदम वाढतो ती पातळ सीमा) म्हणजे आकृतीतली एक रेघ, एवढ्याच समजुतीवर आम्ही विंड टनेलमध्ये येतो. तुम्ही श्लीरेनच्या (हवेच्या घनतेतले फरक दाखवणाऱ्या) चित्रात त्या रेघेचा पाय दाखवलात. बाहेरचा प्रवाह माख 2 ने, म्हणजे ध्वनीच्या दुप्पट वेगाने, जात असला तरी भिंतीला टेकलेल्या हवेचा वेग शून्यच असतो, त्यामुळे भिंतीलगतच्या मंदावलेल्या थराच्या, म्हणजे बाउंडरी लेअरच्या, तळाशी ध्वनीपेक्षा हळू वाहणारा एक पातळ पदर उरतो. शॉकमुळे वाढलेला दाब त्याच पदरातून प्रवाहाच्या उलट दिशेने सरकतो. थर जाड होतो, दाबवाढ फार असली तर भिंतीपासून सुटतो, आणि शॉकचा पाय दुभंगतो. प्रवाहाला काटकोनात उभ्या असलेल्या लंब शॉकखाली टर्ब्युलंट (खळबळता) थर साधारण माख 1.3 च्या आसपासच सुटू लागतो. माख 2 ला लंब शॉकमधून दाब साडेचार पट होतो. हे दोन आकडे तुम्ही शेजारी शेजारी लिहिलेत आणि इनटेक बनवणाऱ्यांची अडचण माझ्या लक्षात आली: हवा शॉकमधून दाबायची, पण थर सुटू द्यायचा नाही.

ब्लीडचं तत्त्व थोडक्यात सांगता येतं: भिंतीजवळची मंद हवा छिद्रांतून ओढून घ्यायची, म्हणजे उरलेला थर दाबवाढीपुढे टिकतो. तुमचे खरे उपकार त्यापुढचे आहेत. छिद्रांच्या ब्लीड प्लेटचं ड्रॉइंग बघून तुम्ही विचारलंत, "खालच्या पोकळीत हवा कुठून कुठे जाईल?" शॉकच्या आधीची आणि नंतरची छिद्रं एकाच प्लेनममध्ये, म्हणजे प्लेटखालच्या त्या पोकळीत, उघडत असली तर नंतरच्या बाजूला दाब जास्त असल्याने हवा तिथून आत शिरते आणि आधीच्या छिद्रांतून परत प्रवाहात येऊ शकते. जो थर पातळ करायचा तोच मग फुगतो. पोकळीतलं हे फिरणं मुद्दाम वापरून शॉक सौम्य करण्याचे प्रयोगही झाले आहेत, पण आपल्याला हवी होती ती निव्वळ ओढ. प्लेनममध्ये आडभिंत घालून दोन कप्पे करायचे, प्रत्येकाला वेगळा व्हॉल्व्ह आणि वेगळा फ्लोमीटर द्यायचा, हे तुम्ही तिथल्या तिथे काढून दिलंत. माझ्या मोजमापांत जे भरवशाचं आहे ते या कप्प्यांमुळे आहे.

छिद्रांबद्दलही तुम्ही हातचं काही राखलं नाहीत. प्रवाहाच्या दिशेने कललेलं छिद्र काटकोनातल्या छिद्रापेक्षा जास्त हवा घेतं, पण पाडायला अवघड. छिद्र एकदा चोक झालं, म्हणजे त्यातली हवा ध्वनीच्या वेगाला पोचली, की प्लेनमचा दाब आणखी उतरवून काही मिळत नाही. हे तुम्ही व्हॉल्व्ह फिरवत फिरवत दाखवलंत. छिद्राच्या मागच्या कडेवर त्याचा स्वतःचा छोटा शॉक उभा राहतो हेही तेव्हाच कळलं.

आणि किमतीचा हिशेब! ब्लीडने काढलेली हवा इनटेकने आधी कष्टाने गोळा केलेली असते. ती बाहेर टाकली की विमानावर ड्रॅग (हवेचा विरोध) वाढतो. म्हणून एसआर-71 या टेहळणी विमानात काउलच्या (इनटेकच्या बाहेरच्या कवचाच्या) आतून घेतलेली हवा इंजिनाभोवती फिरवून ते थंड ठेवायला आणि पुढे नॉझलपाशी वापरत, मधल्या शंकूवरची मात्र बाहेर सोडून देत. काँकॉर्ड या प्रवासी विमानातही रॅम्पमधल्या (इनटेकमधल्या तिरक्या पृष्ठांमधल्या) फटीतून घेतलेली हवा इंजिनाच्या बाजूने नेलेली होती. ही उदाहरणं तुमच्याकडून ऐकल्यापासून माझ्या प्रत्येक आलेखावर दाबाशेजारी ब्लीडचं प्रमाण लिहिलेलं असतं. ते न सांगता दाखवलेली सुधारणा मला अर्धवट वाटते, मग ती कुणाचीही असो.

कोपऱ्यांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. आयताकृती इनटेकमध्ये दोन भिंतींचे थर कोपऱ्यात एकत्र येतात, आणि तिथे सुटलेला प्रवाह नुसतं मधोमध ब्लीड करून आवरत नाही. नव्या प्लेटमध्ये कोपऱ्यांसाठी स्वतंत्र कप्पे काढले आहेत. ड्रॉइंग याच आठवड्यात पाठवते. सवडीने पाहून दुरुस्त्या कळवाव्यात, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी