नावाच्या अर्थाबरोबर त्याची भाषाही छापावी

मा. संपादक यांस,
सादर नमस्कार.

बाळांच्या नावांच्या याद्या वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून वरचेवर प्रसिद्ध होतात आणि त्यांत देशोदेशींची नावे मोकळेपणाने घेतली जातात, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र या याद्यांत नावापुढे एका शब्दात अर्थ दिलेला असतो आणि तो कोणत्या भाषेतला, हे बहुधा सांगितलेले नसते. ही उणीव मला किरकोळ वाटत नाही. छापलेला अर्थ खरा मानून आईवडील नाव ठेवतात आणि ते मूल पुढे आयुष्यभर तोच अर्थ इतरांना सांगते.

'कियारा' हे सध्या अनेकांच्या आवडीचे नाव आहे. इटालियन भाषेत हे लॅटिन 'क्लारा'चे रूप असून त्याचा अर्थ 'उजळ, स्वच्छ' असा आहे. आयरिश भाषेतही रोमन लिपीत केवळ एका अक्षराच्या फरकाने लिहिले जाणारे एक नाव आहे. त्याचा उच्चार 'कीरा' असा होतो आणि ते 'काळा' या अर्थाच्या शब्दापासून आले आहे. यादी करणाऱ्याने ही दोन नावे एकच मानली, की 'उजळ' आणि 'काळी' हे परस्परविरुद्ध अर्थ एकाच नावाला चिकटतात. त्याच आयरिश शब्दापासून मुलाचे 'कीरन' हे नाव झाले, जे ऐकताना 'किरण'सारखे वाटते, पण त्याचा प्रकाशाशी काहीही संबंध नाही. आयर्लंडमधील 'तारा' हे नावही तेथील प्राचीन राजांच्या टेकडीवरून आलेले आहे, आकाशातल्या ताऱ्यावरून नव्हे. 'मायरा' हे नाव तर इंग्रज कवी फल्क ग्रेव्हिल यांनी आपल्या कवितांसाठी घडवले, असे नामकोशकार मानतात. त्याचा धातू संस्कृतात शोधण्याचे कारण नाही.

दुसरा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक नावाला शब्दकोशातला अर्थ असतोच, असे नाही. कित्येक समाजांत नाव हे गुण सांगत नाही, तर जन्माची परिस्थिती सांगते. घानामधील अकान लोकांत मुलाला जन्मवारावरून नाव मिळते. शनिवारी जन्मलेला मुलगा क्वामे, शुक्रवारी जन्मलेला कोफी. संयुक्त राष्ट्रांचे माजी महासचिव कोफी अन्नान यांचा जन्म ८ एप्रिल १९३८ रोजी, शुक्रवारी झाला, आणि त्यांच्या नावातील 'अत्ता' हा शब्द ते जुळ्यांपैकी एक असल्याचे सांगतो. बालीमध्ये नाव जन्मक्रमावरून ठरते. पहिले अपत्य वायान, दुसरे मादे, तिसरे न्योमान, चौथे केतुत, आणि पाचव्यापासून पुन्हा वायान. मुलगा असो वा मुलगी, क्रम तोच. मंगोलियात 'नेरगुई' म्हणजे 'नाव नाही' आणि 'एनेबिश' म्हणजे 'हा नव्हे' अशी नावे आढळतात. मूल दगावू नये, त्याच्याकडे दुष्ट शक्तीचे लक्ष जाऊ नये, या काळजीपोटी ती ठेवली जात. मराठीतील दगडू, धोंडू, भिकू या नावांमागेही हीच भावना होती. या नावांपुढे नुसता शब्दार्थ छापला, तर वाचकाला ती हिणकस वाटतील, आणि ज्या आईने जीव मुठीत धरून ते नाव ठेवले तिच्यावर तो अन्याय होईल.

जपानी नावांचा प्रश्न आणखी निराळा आहे. 'युकी' म्हणजे 'बर्फ' असे सर्रास छापले जाते, परंतु हेच नाव निरनिराळ्या चिन्हांनी लिहिता येते आणि चिन्ह बदलले की अर्थही 'हिम' ऐवजी 'सौख्य' असा होऊ शकतो. उलट, एकच चिन्ह अनेक प्रकारे वाचता येते. त्यामुळे मे २०२५ पासून तेथील कुटुंबनोंदणीत नावाचा उच्चारही नोंदवणे कायद्याने आवश्यक झाले आहे.

नावे एका भाषेतून दुसऱ्या भाषेत दोन वाटांनी जातात, ध्वनीच्या आणि अर्थाच्या, आणि याद्यांमधला बराचसा गोंधळ या दोन वाटा वेगळ्या न केल्याने होतो. हिब्रू 'योहानान', म्हणजे 'परमेश्वर कृपाळू आहे', हे नाव ग्रीक आणि लॅटिनमधून युरोपभर पसरले आणि जॉन, झाँ, हुआन, जोव्हानी, इव्हान, शॉन, यानोश अशी त्याची रूपे झाली. अरबी भाषक ख्रिस्ती लोक त्याला युहन्ना म्हणतात. इव्हानपुढे 'रशियन' एवढेच लिहिले, तर या सर्व प्रवासातला केवळ शेवटचा मुक्काम सांगितला जातो. याउलट 'देवाने दिलेला' ही कल्पना प्रत्येक भाषेने आपल्याच शब्दांत मांडली. ग्रीकमध्ये थिओडोर, लॅटिनमध्ये आदेओदातुस, स्लाव्ह भाषांत बोगदान, फारसीत खुदादाद, अरबीत अताउल्ला, हिब्रूत योनातान, आणि संस्कृतात व्याकरणकारांच्या उदाहरणवाक्यांतून आपल्याला परिचित असलेला देवदत्त. रशियन 'फ्योदोर' हे मात्र थिओडोरचेच ध्वनिरूप आहे.

ही साम्ये पाहून सर्व नावे संस्कृतातूनच निघाली, असे संदेश उत्साहाने फिरवले जातात. ते बरोबर नाही. संस्कृत 'दत्त', फारसी 'दाद', लॅटिन 'दातुस' आणि ग्रीक 'दोरोन' ही एकाच प्राचीन धातूची भावंडे आहेत. त्यांतले कोणीही दुसऱ्याचे जनक नाही. अरबी आणि हिब्रू ही नावे तर वेगळ्याच भाषाकुळातली आहेत. दूरदूरच्या माणसांना मूल हे देवाचे देणे वाटले, ही गोष्ट मला कोणत्याही खोट्या व्युत्पत्तीपेक्षा कितीतरी मोलाची वाटते.

म्हणून विनंती अशी, की नावांची यादी प्रसिद्ध करताना प्रत्येक नावापुढे मूळ भाषा आणि मूळ रूप द्यावे, एकसारख्या ऐकू येणाऱ्या पण भिन्न मुळांच्या नावांची नोंद स्वतंत्र करावी, आणि जेथे अभ्यासकांत एकमत नाही तेथे 'अर्थ अनिश्चित' असे स्पष्ट छापावे. जागा अपुरी पडत असेल, तर शंभर नावांऐवजी वीसच द्यावीत. यापूर्वी छापलेल्या याद्यांतील चुकीचे अर्थ वाचकांनी निदर्शनास आणून दिल्यास त्यांची दुरुस्तीही त्याच पानावर प्रसिद्ध व्हावी.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाचक