शमे, ते उत्तर मी लिहिलं नव्हतं

प्रिय शमे,

तीन महिने तुझ्या मेसेजला उत्तर दिलं नाही, रागाव, हक्कच आहे तुझा. तब्येत बरी, गुडघा तसाच, निलू मजेत. आता मुद्द्यावर येते, कारण हे तुझ्याशिवाय कोणाला सांगून कळणार नाही आणि रात्री झोप लागत नाहीये.

आमच्याकडे पेशंटचे मेसेज येतात ना, त्यांच्या उत्तराचा ड्राफ्ट आता एआय करून ठेवतं. आपण वाचायचं, दुरुस्त करायचं, पाठवायचं. फुप्फुसाच्या कॅन्सरचे एक आजोबा होते, घरीच, शेवटचे दिवस. रात्री अकराला मुलीचा मेसेज, बाबा माझा हात घट्ट धरून ठेवतात, सोडवला की दचकतात, काय करू? ड्राफ्ट तयारच होता. आणि इतका सुंदर होता गं, "तुमचा हात हाच आत्ता त्यांचा आधार आहे, तो तसाच राहू द्या." अजून नऊ-दहा मेसेज उरकायचे होते, मी एक स्वल्पविराम काढला आणि पाठवून दिलं. खाली माझं नाव.

दोन दिवसांनी ते गेले. परवा ती कागदपत्रांसाठी आली. पर्समधून घडी घातलेला कागद काढला, त्यावर ते वाक्य तिनं स्वतःच्या हातानं उतरवून घेतलेलं, घडीवरची अक्षरं पुसट झालेली. म्हणाली, डॉक्टर, तुम्ही हे लिहिलंत म्हणून ती रात्र निभावली, त्यांना इतकी धाप लागत होती तरी मी हात सोडला नाही.

धाप, शमे.

मेसेजमध्ये तिनं हे लिहिलं नव्हतं आणि मी विचारलं नाही. फुप्फुसाचा पेशंट हात घट्ट धरतोय, दचकतोय, म्हटल्यावर झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आपण दोघींनी आधी हेच विचारलं असतं की श्वास कसा आहे, झोप लागते का, मॉर्फिनचा शेवटचा डोस कधी दिला. समोर कोरी चौकट असती तर हे प्रश्न बोटांनी आपोआप टाइप केले असते. पण समोर तयार उत्तर होतं, आणि तयार उत्तर वाचताना डोकं यात चूक काय एवढंच शोधतं, राहिलं काय ते शोधतच नाही. चूक तर काहीच नव्हती त्यात!

तू म्हणशील एका केसवरून बोलतेस. म्हणून शोधून वाचलं. 2024 मध्ये लॅन्सेट डिजिटल हेल्थ या मेडिकल जर्नलमध्ये आलंय, कॅन्सर पेशंटचे 100 काल्पनिक प्रश्न, जीपीटी-4 या एआयचे ड्राफ्ट, तपासायला सहा डॉक्टर. न बदलता पाठवले असते तर साधारण 7 टक्के उत्तरांनी पेशंटला धोका झाला असता, तोही बहुतेक वेळा प्रकरण किती तातडीचं आहे हे नीट न ओळखल्यामुळे. पण मला लागलं ते पुढचं. ड्राफ्ट दुरुस्त करून दिलेली डॉक्टरांची उत्तरं त्यांनी स्वतः लिहिलेल्या उत्तरांपेक्षा ड्राफ्टसारखीच निघाली. म्हणजे मी एकटी नाही, पण त्यानं काही हलकं वाटलं नाही.

एआयनं काम हलकं होतं, ही तुझी बाजू मला पाठ आहे. स्वीडनची मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनांच्या एक्स-रे तपासणीची ट्रायल, 80,000 च्या वर बायका, फिल्म वाचायचं काम 44 टक्क्यांनी कमी आणि कॅन्सर सापडायचे काही कमी झाले नाहीत, फोनवर अर्धा तास ऐकवलं होतंस. मान्य आहे मला, खरंच. पण तिथे प्रत्येक फिल्म माणूस बघतोच, कोणती एकानं आणि कोणती दोघांनी बघायची हे एआय ठरवतं, आणि संशयाच्या जागा दाखवतं. माझ्याकडे पहिली नजर यंत्राची आणि दुसरी माझी, तीही रात्री अकराची.

इंटर्नशिपला तू राउंडवर "बेड नऊ" म्हणालीस आणि पेशंटला नाव असतं म्हणून मी आठ दिवस अबोला धरला होता, आठवतंय? तू बेटी आठही दिवस माझ्याशी बोलायचं ते कपाटाशी बोलत होतीस, मोठ्यांदा, आणि कपाटाच्या वतीनं उत्तरंही देत होतीस. मॅडम हसून हसून खुर्चीत बसल्या होत्या.

आता सांग, तिला काय सांगू? तो कागद तिच्याजवळ आहे. ते वाक्य माझं नाही म्हटलं तर तिची ती रात्र मी हिसकावून घेते. गप्प बसले तर तिच्या वडिलांची धाप कमी करता आली असती हेही त्यातच झाकलं जातं, आणि ते तर माझंच देणं आहे, यंत्राचं नाही. माझ्या पेशंटपुरते ड्राफ्ट मी बंद करून घेतलेत. आणि ड्राफ्ट एआयचा असेल तर तसं उत्तराखाली दिसू दे असं लेखी मागितलंय, त्यावर "वेळ वाचतो ना" एवढंच ऐकायला मिळालं. वाचतो, नाही कुठे म्हणते मी.

ती गुरुवारी परत येणार आहे. मी सांगायचं ठरवलंय, आधी धापेचं, मग वाक्याचं. पण पहिलं वाक्य तोंडातून कसं काढू ते सुचत नाहीये, आणि वाईट बातमी सांगताना तुझा आवाज जसा राहतो तसा माझा कधीच राहिला नाही.

तुझ्या धाकट्याचा निकाल लागला का? नव्या घरात गेलात की अजून रंगकामच चाललंय? सासूबाईंचं ऑपरेशन नीट झालं ना? सगळं सविस्तर लिही. पण आधी बुधवारी रात्री फोन कर, कितीही उशीर झाला तरी चालेल.

तुझीच,
वैजू