रेड वाईन कौतुकाचीच, पण थांबायला पैसा कुठे?

संपादक महोदय,
रविवारच्या पुरवणीत एका लहान घरगुती द्राक्षबागेच्या गडद रेड वाईनवर लेख आला, छान होता, पण शेवटी 'विदर्भातल्या शेतकऱ्यांनीही हा मार्ग धरावा' असं जे सहज लिहून टाकलंय ते काही पटलं नाही. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस आतून पांढराच असतो, रंग अन् तुरटपणा येतो सालीतून, म्हणून रस सालीसकट आंबवतात, अन् भारदस्त वाईन हवी तर नंतर महिनोन्‌महिने ओकच्या पिंपात मुरवत ठेवतात. त्याआधी वेल नीट फळायलाच दोनतीन वर्षं जातात. म्हणजे सगळा खेळ थांबण्याचा, अन् थांबायला पैसा लागतो बाप्पा! इकडे सोयाबीन मळणीयंत्रातून निघालं की दुसऱ्याच दिवशी बाजार समितीत, भाव पडलेला असला तरी, कारण कृषी केंद्रवाला उधारीसाठी दारात उभा असतो. नाशिककडे शिराझ, काबर्ने ही वाईनची द्राक्षं लागली ती तिथल्या थंड रात्री अन् 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाच्या आधाराने, आपल्याकडे एप्रिल-मेचं ऊन कसं असतं ते सांगायला नको. शिवाय वर्धा, गडचिरोली दारूबंदीचे जिल्हे, 2022 साली सुपरमार्केटात वाईन विकायचा निर्णय झाला तेव्हाही दारूबंदीचे जिल्हे वगळलेच होते. वाईनला माझा विरोध नाही, खुशाल करा, पण सल्ला देण्याआधी माल वर्षभर ठेवता येईल असं गोदाम अन् त्यावर मिळणारं तारण कर्ज गावोगावी पोहोचतंय का, हे तुमच्या वार्ताहराने एकदा येऊन बघावं.

– एक शेतकरी वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ