पंचगंगा घाटावर भेटलेल्या काकांना, मनापासून थँक्यू

काका, नमस्कार.

तुम्ही नाव सांगितलं नाहीत, "काका म्हणा की, झालं" एवढंच म्हणालात आणि फोन नंबर मागितला तर हसून हात जोडलेत, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय. कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठ, गंगावेश भागातलं कुणी वाचत असेल तर प्लीज त्यांना वाचून दाखवा. सत्तरीच्या आसपासचे, दोन्ही कान कुस्तीत मोडलेले, डोक्यावर टोपी, रोज सकाळी घाटावर असतात.

आम्ही नांदेडच्या मायलेकी. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती चालायलाच घाबरायची, पण अंबाबाईचं दर्शन मनात होतं, म्हणून प्लॅन साधा होता, सकाळी पाच मिनिटं नदी बघायची, रिक्षाने देवळात जायचं आणि लॉजवर परत. आई घाटाच्या वरच्या पायरीवर अडली ते तुम्ही लांबून बघितलंत, "आक्का, खाली उतरू नका, शेवाळ हाय" म्हणत आलात, माझ्या हातातला तांब्या घेऊन स्वतः खाली गेलात आणि पाणी भरून आणलंत. आईने ते डोळ्यांना लावलं. मग तुम्ही विचारलंत, आता कुठं? मी रिक्षाचं सांगितलं तर म्हणालात, "रिक्षातनं काय दिसणार वो ताई, चला की चालत, सावकाश."

आणि खरंच सावकाश. दुपार होईपर्यंत मला कळलंच नाही तुम्ही काय करत होतात ते. दर थोड्या अंतरावर तुम्हाला काहीतरी आठवायचं आणि ते सांगायला बसावंच लागायचं. "ऐकायला बसावं लागतंय आक्का, उभ्यानं कळत न्हाई." घाटावरच्या पारावर बसून तुम्ही पाच नद्या मोजल्यात, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती, प्रयाग चिखलीला संगम होतो आणि तिथून पुढे पंचगंगा. शेजारच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडाकडे हात करून सांगितलंत की १९४० च्या दशकात इथं खोदकाम झालं आणि दोन हजार वर्षांपूर्वीचं गाव निघालं. पुढे एका घराच्या ओट्यावर बसवलंत आणि भिंतीवर हात ठेवून दाखवलंत, २०१९ ला पाणी हितवर, २०२१ ला हितवर. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका, आणि त्या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. चिखलीतलं एक अख्खं कुटुंब तेव्हा तुमच्या घरी राहिलं, हे तुम्ही इतक्या सहज सांगितलंत की मला पुढे काय बोलावं सुचलं नाही. आमच्याकडे गोदावरीला पूर येतो, त्यामुळे पावसाळ्यात उठल्याउठल्या नदीची पातळी विचारणं म्हणजे काय ते आम्हाला माहितीये काका.

असं करत करत पापाची तिकटी, मग महाद्वार. तिथे तुम्ही आईला देवळाकडे तोंड करून उभं केलंत आणि ती सरळ रेषा दाखवलीत, जिथून किरणोत्सवाला मावळतीचं ऊन आत शिरतं, जानेवारीच्या ३१ पासून तीन दिवस आणि नोव्हेंबरात ९ पासून तीन दिवस, पहिल्या दिवशी पायावर आणि मग वर वर चढत चेहऱ्यापर्यंत. आम्ही त्या दिवसांत गेलो नव्हतो, पण आई तिथे बराच वेळ हात जोडून उभी होती. मुख्य रांग लांब होती म्हणून तुम्ही मुखदर्शनाला नेलंत आणि आमची पायताणं घेऊन बाहेर थांबलात. आई बाहेर आली ती रडतच.

मिसळ मस्तच, कट पण आणि ब्रेड पण, ते सगळ्यांना माहीत आहे. मला खासबागेबद्दल, त्या कुस्तीच्या मैदानाबद्दल लिहायचंय. मैदान बघून आई म्हणाली मी काही एवढं उतरत नाही, तर तुम्ही तिला वरच बसवलंत आणि सांगितलंत की शाहू महाराजांनी हे बांधलंच असं आहे, १९१२ सालचं, कुठंही बसा, आखाडा सगळा दिसतो, कुणाचं डोकं आडवं येत नाही. मग तुम्ही एकटे खाली गेलात, लाल मातीला हात लावून कपाळाला लावलात आणि वर येऊन तीच थोडी आईच्या हातावर ठेवलीत. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह, १९१५ सालचं, ऑगस्ट २०२४ मध्ये जळलं, त्या रात्रीबद्दल तुम्ही फार बोलला नाहीत. "बघवत नव्हतं" एवढंच. मी पुढे विचारलं नाही.

टाऊन हॉल म्युझियमला मात्र रिक्षा केलीत, तुमचाच आग्रह. सकाळी दाखवलेल्या ब्रह्मपुरीतून निघालेली ती पितळी रंगाची छोटीशी मूर्ती, पोसायडन, ग्रीक लोकांचा समुद्राचा देव. आई म्हणाली हा इथं नदीकाठी कसा आला, तर तुम्ही म्हणालात, "व्यापारी घेऊन आलं असतील, तवा रोमपतोर व्यापार हुता आपला." नुसतं म्युझियममध्ये बघितलं असतं तर मी दोन मिनिटांत पुढे गेले असते, पण आम्ही सकाळी ते टेकाड बघितलं होतं ना, त्यामुळे आम्ही दोघी तिथून हललोच नाही.

संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर आईनेच विचारलं, आता पुढे कुठं. तिने विचारलं, काका! रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर समोर म्हैस पिळून फेसाळ दुधाचे ग्लास हातात दिलेत, पैसे मी काढले तर रागावलात, तुम्हाला द्यायला आणलेलं पाकीट तर हातात पण घेतलं नाहीत.

दिवसभरात आई एकदाही दमले म्हणून बसली नाही, दर वेळी तुमची गोष्ट ऐकायला बसली. तिचा मान राखून तिला चालवलंत तुम्ही. डॉक्टर, फिजिओथेरपीवाल्या ताई, मी, सगळ्यांचं सांगून झालं होतं, ती गेटच्या बाहेर पडत नव्हती. आता रोज सकाळी गोवर्धन घाटापर्यंत जाते, वाटेत दोन ठिकाणी बसते आणि शेजारच्या मावशींना पंचगंगेच्या पाच नद्यांची नावं सांगते. हे तुम्हाला कळायलाच हवं होतं.

काकूंना घेऊन नांदेडला या. सचखंड गुरुद्वारा बघू, लंगरमध्ये जेवू, विष्णुपुरीचं धरण बघू, घाटावर जाऊ. आईने निरोप दिलाय की चार दिवस काढूनच या आणि जेवण घरचंच असेल.

तुमची,
नांदेडची ताई