बाळ्या, ती थप्पड

प्रिय बाळ्या,

सहा महिने झाले, मी तुला फोन केला नाही. तुझे दोनदा आले तेही उचलले नाहीत. रागावला असशील तर तो हक्क तुझा आहे. साखर आटोक्यात आहे, गुडघा तसाच. पण आज सांगायचंय ते फोनवर सांगता येणार नाही, म्हणून कागद घेऊन बसलोय.

आप्पांचा खिळा आठवतो ना? कसला प्रश्न विचारतोय मी. त्याच्यापायी तू अख्खा श्रावण माझ्याशी बोलला नव्हतास.

झालं असं, दादाचा सोन्या मागच्या रविवारी आला होता. नव्या घराच्या हॉलमध्ये त्याला आप्पांचा फोटो लावायचाय, मेडलं काचेत बसवायचीत आणि खाली खिळा. त्यासाठी तो खिळा घासून, टोकाला नवा आकार देऊन, क्रोम चढवून आणणार आहे. पोराचा जीव आहे रे पणजोबांवर, त्याला मी नावं ठेवत नाही. जाताना म्हणाला, "काका, खाली पाटी लावायचीय. ही संगीन कुठली, कुठं वापरली, तेवढं लिहून द्या."

आणि मी गप्प. संगीन म्हणून ती मला कधी माहीत होती? आजी तिनं लसूण टोकायची. तेलाच्या डब्याला दोन भोकं पाडायची, एक तेलाला, एक हवेला. दोर तुटला की अण्णा पिळात खिळा घालून पेड उकलायचे आणि दुसरा तुकडा त्यात गुंफायचे. बैलाच्या पट्ट्याला भोक पाडायचं, मक्याचं कणीस सोलायचं, सगळ्याला खिळा. रात्री गाय व्यायला झाली की गोठ्याच्या भिंतीच्या दगडांत तोच खुपसून त्याला कंदील अडकवायचा. कापायला मात्र काही उपयोग नाही. धारच नाही त्याला, नुसती ८ इंची लोखंडी सळई. "सरकारनं चाकू द्यायचा सोडून दाभण दिलं," असं आजी म्हणायची आणि आप्पा मिशीत हसायचे. पलटणीतून तो घरी कसा आला हे मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

पाटीसाठी म्हणून खिळा घेऊन मी वरच्या आळीच्या सुभेदारांकडे गेलो. तेही खडकीचेच, आप्पांसारखे बॉम्बे सॅपर्समधले, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर पलटणीतले. त्यांनी खिळा हातात घेतला आणि म्हणाले, "ही नंबर चार ली-एन्फील्डची." त्याआधीच्या रायफलीची संगीन म्हणजे १७ इंची पात्याची तलवारच असायची, लाकडंसुद्धा फुटायची तिनं. दुसऱ्या महायुद्धात झटपट आणि स्वस्तात बनावी म्हणून ही सळई आली. मी वहीत लिहून घेत होतो. मग त्यांनी टोकावरून अंगठा फिरवला आणि थांबले. "हे एकाच बाजूनं झिजलंय. तुमचे आजोबा सुरुंग शोधायचे."

बाळ्या, पंच्याहत्तरीचा माणूस अंगणातल्या शेवंतीच्या वाफ्यात पालथा झोपला. खिळा बोटांत सैल धरला आणि मातीत तिरपा सरकवला. मग दोन बोटं पुढं, पुन्हा तिरपा. मला म्हणाले, बघा, सुरुंग वरून दाब पडला की उडतो. तिरपं गेलं तर टोक त्याच्या कुशीला लागतं, तिथं तो मुका असतो. "सरळ नाही, तिरपं. सरळ गेलं की संपलं."

सरळ नाही.

ऐकलंस ना? मी तिथंच पायरीवर बसलो.

देवळामागच्या चिखलात आपण सळया रोवायचा खेळ खेळत होतो. सहावीत होतो आपण. खिळा तू डोक्यावर नेऊन सरळ खाली मारलास, आणि मागून आप्पांची थप्पड. "सरळ नाय! सरळ नाय!" असं ओरडत होते, हात थरथरत होते. तू समजलास, ते तुलाच म्हणतायत की पोरगं सरळ नाही. तुझ्या वडिलांबद्दल तेव्हा गावात जे चाललं होतं, त्यात ते तुला किती लागलं असेल. माझ्या लग्नाच्या पंगतीतही तू म्हणाला होतास, "तुझ्या आजोबांनी मला वाकडा ठरवलाय, मला वाढताना जपून वाढा." सगळे हसले. मला घास गिळवला नाही.

कारण खिळा खुंटीवरून मी काढून आणला होता, तू नाही. आणि आप्पा विचारत होते, "कुणी आणला?" तेव्हा मी पम्याच्या मागं उभा राहिलो. हे तुला ठाऊक आहे. पण मी तोंडानं कधी कबूल केलं नाही. आज करतो.

सुभेदारांनी पुढं बरंच सांगितलं. इटलीत जर्मनांनी लाकडी पेटीतले सुरुंग पेरले होते, त्यांत धातू इतका कमी की शोधयंत्र बोलायचंच नाही. शिवाय तोफगोळ्यांचे तुकडे सगळ्या शेतात पसरलेले, त्यामुळं नको तिथं यंत्र ओरडत राहायचं. मग पालथं झोपून हातानं चाचपणं आलंच, पुष्कळदा रात्री, अंधारात. आप्पा आपल्याला इटलीतल्या द्राक्षांबद्दल सांगायचे. त्या मळ्यांतून ते पोटावर सरकत गेले होते, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. आणि ते "भगतसाहेब, भगतसाहेब" म्हणायचे तेव्हा आपल्याला मरीआईच्या देवळातला भगत वाटायचा, आठवतं? ते प्रेमिंद्रसिंग भगत निघाले. सॅपर्सचेच. १९४१ साली अबिसीनियाच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या स्वारीत चार दिवसांत ५५ मैलांच्या वाटेवरची १५ सुरुंगक्षेत्रं साफ केली त्यांनी. खालची गाडी दोनदा उडाली तरी थांबले नाहीत. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आपण त्याला लिंबू-नारळवाला समजत होतो.

आता मला एकेक आठवतंय. रताळी काढताना आप्पा खिळा तिरपाच घालायचे. आजीलाही म्हणायचे, लसूण तिरपा टोक. ती ऐकायची नाही, मग ते उठून आत जायचे. परत येऊन तीस वर्षं झाली होती त्यांना! आपल्या देवळामागं कुणी सुरुंग पुरणार होतं का? पण पोराच्या हातातलं टोक सरळ खाली येताना दिसलं आणि त्यांना आणखी काय दिसलं असेल, हे मनात आलं की झोप लागत नाही.

आणि ते टोकच सोन्या घासायला निघालाय. ती तिरपी झीज गेली की उरली काय, चकचकीत सळई. इथं कुणाला सांगू? दादा म्हणेल म्हातारा झालास. वहिनीला वाटतंय मला हिस्सा हवाय.

तुझ्या बदलीचं पम्याकडून कळलं, बरं झालं. धाकटीच्या अ‍ॅडमिशनचं काय? वहिनींना नमस्कार, थायरॉइडच्या गोळ्या बंद करू देऊ नकोस.

खिळा सध्या माझ्या कपाटात आहे, आप्पांच्या फेट्याच्या घडीत. घरात सापडत नाही म्हणून सांगितलंय. सोन्या रविवारी येतोय. तू शनिवारी रात्रीच ये. माझं तो ऐकणार नाही, तुझं ऐकेल. त्या खिळ्यापायी आप्पांच्या हातचा मार खाल्लेला तूच एक आहेस.

तुझा,
नाना