टेबल फॅन बंद करणाऱ्या चाचांना

आदरणीय चाचा,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र कागदावर लिहून तुमच्या हातात दिलं असतं, तर तुम्ही चष्मा शोधला असतात, दोन ओळी वाचल्या असत्यात आणि "कशाला हो ताई एवढं" म्हणून ते नटबोल्टांच्या डब्याखाली सारून दिलं असतंत. म्हणून चारचौघांसमोर लिहितेय. नातवाकडून वाचून घ्या. मधल्या काळात ज्यांनी ज्यांनी मला परत पाठवलं, त्यांच्याही नजरेस पडलं तर माझी काही हरकत नाही.

वाचणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. सांगलीत आमचं बायकांचं भजनी मंडळ आहे. त्याला एक अ‍ॅम्प्लिफायर हवा होता. तयार आणता आला असता, पण माझा आयटीआय रेडिओ-टीव्हीचा झालेला. पुढची सगळी वर्षं कारकुनीत गेली आणि सोल्डरिंगचा वास काही डोक्यातून गेला नाही. रिटायर झाल्यावर म्हटलं, आपणच करू. २४-०-२४ चा ट्रान्सफॉर्मर, दहा-दहा हजार मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर, ५२००-१९४३ या आउटपुट ट्रान्झिस्टरांची जोडी लावलेला तयार बोर्ड, त्यांचा ताप बाहेर टाकणारा पंखांचा हीटसिंक, कॅबिनेट. पन्नासेक वॅट निघतात. देवळाच्या सभामंडपाला तेवढे रग्गड झाले.

वाजला छान. पहिले दोन अभंग मंडळी खूश. तिसऱ्याला आवाज चिरकायला लागला, हीटसिंकला हात लावता येईना आणि गजर सुरू व्हायच्या आत फ्यूज उडाला. उघडून बघितलं तर आउटपुटचे दोन्ही ट्रान्झिस्टर शॉर्ट. नवे घातले, पुन्हा तेच.

मग माझी वारी सुरू झाली. नावं घेत नाही, गावंही सांगत नाही. बोर्ड ज्यांनी विकला त्यांनी तो हातातसुद्धा न घेता "फॅन लावा" म्हणून सांगितलं. दुसऱ्यांनी माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत विचारलं, "घरी कुणी जेन्ट्स आहेत का? त्यांना पाठवा, समजावून सांगतो." घरी जेन्ट्स आहेत. त्यांना बल्ब बदलता येतो, होल्डर जुना असेल तर तोही नाही. तिसऱ्यांनी "ओरिजिनल" म्हणून दामदुप्पट किमतीला नवी जोडी दिली. घरी येऊन थिनरचा बोळा फिरवला तर वरची अक्षरं बोळ्यावर आली, म्हणजे जोडी नकली. आणखी एकांनी फुकटचा सल्ला दिला, आवाज निम्मा ठेवा. फॅन लावा, हे तर सगळ्यांनीच ऐकवलं.

त्या निम्म्या आवाजाचं तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही किती हसलात! या जातीचा अ‍ॅम्प पूर्ण आवाजाला तापतो त्यापेक्षा मधल्या आवाजाला जास्त तापतो, हे मला तुमच्याकडे कळलं. एकसारखा सूर धरला आणि पूर्ण ताकदीच्या साधारण ४० टक्क्यांवर ठेवला, तर जेवढे वॅट स्पीकरला जातात तेवढेच हीटसिंकला जातात. म्हणजे पेटीचा सूर धरून ठेवणाऱ्या भजनी मंडळाला नेमका तोच आवाज सांगितला होता, जिथे मशीन सर्वांत जास्त भाजून निघतं.

फॅन मात्र मी लावला होता. कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा, मागच्या पत्र्याला भोक पाडून. अ‍ॅम्प जळायचा थांबला, पण आलापाच्या मागे घूंऽऽ सुरू झालं. शिवाय उदबत्तीची राख आणि वातीच्या कापसाचे तंतू तो इमानेइतबारे आत ओढून घ्यायचा. आमच्या पेटीवाल्या काकू म्हणाल्या, "हा कोण नवा टाळकरी घेतलास?" चालत होतं म्हणून चालवून घेतलं असतं. पण उकाडा वाढला आणि फॅन फिरत असतानाही मशीन पुन्हा तापायला लागलं.

तुमच्याकडे मी आले ती तंबोऱ्यामुळे. मिरजेत सतारमेकर गल्लीला आमचा तंबोरा जवारीला, म्हणजे घोडी घासून सूर लावून घ्यायला, टाकला होता. तिथल्या माणसानेच सांगितलं, अ‍ॅम्पचं काय असेल तर पलीकडच्या बोळात चाचांना दाखवा. भर एप्रिलची दुपार. तुमचं दुकान म्हणजे पत्र्याखालची सहा बाय आठची खोली. टेबलावर एक उघडा अ‍ॅम्प, कोपऱ्यात जुने कर्णे आणि तुमच्या पाठीशी एक टेबल फॅन, त्याच्या जाळीला सुतळी बांधलेली.

तुम्ही झाकण काढून आत बघितलंत आणि विचारलंत, "हा पंखा कुणी लावायला सांगितला?"

मी म्हटलं, "सगळ्यांनीच."

"पंखा म्हणजे तापाची गोळी, ताई. ताप उतरतो, पण कशानं आला ते कळायचं कुठून?" असं म्हणून तुम्ही माझ्या फॅनची वायर काढलीत. आणि मग, चाचा, तुम्ही उठलात आणि स्वतःचा टेबल फॅनही बंद केलात.

मला आधी वाटलं लाईट गेली. तुम्ही म्हणालात, "वारा लागला की मशीन खोटं बोलतं."

त्यानंतर आपण त्या पत्र्याखाली बसून राहिलो. तुमच्या कपाळावरून घाम ओघळत होता, बनियन पाठीला चिकटलं होतं, आणि तुम्ही टॉवेलाने आधी मीटरचा डिस्प्ले पुसलात, मग मान. या वयात, त्या उकाड्यात, एका अनोळखी बाईच्या घरगुती डब्यासाठी कुणी स्वतःचा वारा बंद करून बसतं? मला इतक्या जणांनी फॅन लावायला सांगितला. बंद तुम्ही एकट्याने केलात. पत्र खरं तर एवढ्याचसाठी आहे. बाकीचं सगळं मिस्तरीकाम आहे, तेही उत्तमच होतं, पण मनात रुतून बसलाय तो फॅनचं बटण दाबणारा तुमचा अंगठा.

काय सापडलं ते थोडक्यात सांगते, कारण असाच बोर्ड घेऊन आणखी कुणीतरी कुठेतरी फ्यूज बदलत बसलं असेल. तुम्ही थोडा वेळ गाणं लावून मशीन गरम होऊ दिलंत, मग इनपुट काढून घेतलंत आणि मोठ्या ट्रान्झिस्टरांचा करंट ज्यातून जातो त्या ०.२२ ओहमच्या रेझिस्टरवर मीटर लावून तो माझ्याकडे वळवलात. "वाचा मोठ्यानं." मी वाचत गेले. गाणं बंद, स्पीकर गप्प, म्हणजे आकडा उतरून ५-६ मिलिव्होल्टवर यायला हवा. तो चढत होता. २०. ३४. ५१. नव्वदला तुम्ही स्विच ऑफ केलात. नव्वद मिलिव्होल्ट म्हणजे ४०० मिलिअ‍ॅम्पिअर. सप्लायच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत ६६ व्होल्ट धरले, तर एक सूरही न वाजवता हीटसिंकवर २६ वॅट.

मग तुम्ही स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने बोर्डच्या मधोमध उभा असलेला बीडी१३९ नावाचा छोटा ट्रान्झिस्टर दाखवलात. ट्रान्झिस्टर तापला की त्याला सुरू व्हायला लागणारा व्होल्टेज अंशामागे साधारण २ मिलिव्होल्टने कमी होतो. बायस, म्हणजे गाणं नसतानाही ट्रान्झिस्टर जरासा सुरू ठेवणारा व्होल्टेज, तेवढाच राहिला तर करंट वाढतो, करंट वाढला की आणखी तापतो, तापला की करंट आणखी वाढतो. हे चक्र थांबवायचं काम त्या बीडी१३९ चं. मोठ्या ट्रान्झिस्टरांचा ताप त्याला कळला पाहिजे, म्हणजे तो बायस खाली ओढतो. त्यासाठी तो त्यांच्या शेजारी, हीटसिंकला चिकटलेला हवा. बोर्ड बनवणाऱ्यांनी तो दूर मोकळ्या हवेत ठोकून दिला होता. हीटसिंक भाजत होता आणि राखणदार गार वाऱ्यात उभा. त्यात माझ्या फॅनचा वारा आधी त्यालाच लागायचा!

तुम्ही म्हणालात की हे दुखणं तुम्ही सत्तरच्या दशकात एसी१२८ सारख्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरांवर शिकलात. ते तर सिलिकॉनपेक्षा कितीतरी लवकर हातचे जायचे. उस्तादांनी तेव्हा सांगितलेलं तुम्हाला अजून पाठ होतं, आणि ज्यांच्या काउंटरवर डेटाशीटची चळत असते त्यांना बोर्ड उलटा करून बघायचीही फुरसत नव्हती.

आणखी एक. जागा दाखवून झाल्यावर तुम्ही सोल्डरिंग आयर्न उचललंत आणि मूठ माझ्याकडे करून पुढे धरलंत. "घ्या, तुमचं मशीन आहे." तीन वायरी जोडून बीडी१३९ हीटसिंकवर मी नेला. पाठीमागे अभ्रकाची चकती मी ठेवली, पेस्टही मीच लावली. तुम्ही फक्त एकदा बोललात, "पुसा अर्धी." खालची धातू जेमतेम झाकली जाईल एवढीच पेस्ट हवी, ती बारीक खाचांतली हवा हटवायला असते, थर द्यायला नाही, कारण उष्णता वाहण्यात अ‍ॅल्युमिनिअम हवेच्या हजारो पट सरस. कंटिन्युइटी मलाच तपासायला लावलीत, ट्रान्झिस्टरची पाठ हीटसिंकला लागत नाही ना म्हणून. वय विचारलं नाहीत, घरी कोण असतं विचारलं नाहीत. शेजारचा पोरगा डोकावून "चाचा, ह्यांचं काय?" म्हणाला, तेव्हा म्हणालात, "त्यांचं त्या करतायत."

फॅन अजून बंदच होता. पुन्हा गाणं, पुन्हा मीटर. इनपुट काढल्यावर आकडा खाली आला आणि सहाच्या आसपास येऊन बसला. तो हलत नाही याची खात्री होईपर्यंत तुम्ही काही बटण दाबलं नाहीत.

पैशांवरून आपली बाचाबाची झाली, ती इथे काढत नाही. अभ्रक, वायर आणि एक स्क्रू, एवढ्याचेच घेतलेत. "काम तुम्ही केलं, मजुरी माझी कशाची?" यावर मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता सुचलंय: उकाड्यात बसल्याची. पण ती तुम्ही घेणार नाही, माहीत आहे.

चाचा, हुशार माणसं मला नोकरीतही पुष्कळ भेटली. समोरच्याला जरासुद्धा लहान न करता आपली हुशारी वापरणारे फार थोडे. टेबलापलीकडे बसलेला माणूस अडाणी आहे असं धरून चाललं की काम झटपट उरकतं, हे मी कचेरीत रोज बघितलंय. तुम्ही घाई केली नाहीत. माझ्या चुकीच्या बनावटीच्या बोर्डाला नावं ठेवलीत, मला नाही. ज्यांनी मला परत पाठवलं त्यांनाही तुम्ही नावं ठेवली नाहीत, "धंद्याच्या गडबडीत असतात बिचारे" म्हणालात. तो मोठेपणा तुमचा. मला तो जमत नाही. थिनरच्या बोळ्यावर आलेली ती अक्षरं मी जपून ठेवली आहेत, कधीतरी त्या काउंटरवर नेऊन ठेवणार आहे.

एकादशीला मशीन संध्याकाळभर चाललं. मागच्या पत्र्याचं भोक जाळी लावून बुजवलंय, मंडपात आता आमच्या टाळांशिवाय दुसरं काही वाजत नाही. हीटसिंकचे पंख उभे ठेवलेत, तुम्ही सांगितलंत तसे, म्हणजे गरम हवा आपली आपण वर जाते. शेवटच्या गजरालाही त्यावर तळहात ठेवता येत होता.

एक बारीक घरघर तेवढी राहिलीय. पेटीच्या माइकची जाळी हातात धरली की थांबते, सोडली की येते. मला वाटतं केबलमधलं शील्ड कुठेतरी तुटलंय. पण तुम्ही इतक्यात काही सांगू नका. आधी मी शोधते. नाहीच सापडलं तर पुढच्या आठवड्यात तंबोरा न्यायला येणारच आहे.

तुमची,
सांगलीची भजनवाली ताई