मनूस: इंजिन धुण्याआधी

बडोदे, रविवार

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या माझदाच्या १३बी रोटरी इंजिनाच्या कॉम्प्रेशनचा व्हिडिओ मिळाला. पुढचा रोटर ठीक आहे. मागच्याचा आवाज मी मोबाइल कानाला लावून ऐकत होतो, तेव्हा आई म्हणाली, लेकीचा फोन आला तरी एवढं मन लावून ऐकत नाही तुम्ही. एक फुस दणदणीत, पुढच्या दोन मेलेल्या, परत एक दणदणीत. इंजिन नुसतं झिजून बसलं असतं तर तिन्ही सारख्याच ढिल्या पडल्या असत्या. पिस्टनच्या जागी फिरणारा हा तिकोनी रोटर; त्याच्या तीन कोपऱ्यांवर तीन एपेक्स सील, आणि प्रत्येक सील म्हणजे दोन शेजारच्या कप्प्यांमधली भिंत. एक सील गेलं की त्याच्या दोन्ही बाजूंचे कप्पे जातात, तिसरा शाबूत राहतो. तुझ्याकडे नेमकं तेच झालंय. काहीतरी तुटलंय, आणि ते का तुटलं हे अजून आपल्याला माहीत नाही.

शनिवारी इंजिन खोलणार, सगळे पार्ट डिग्रीझरने धुणार आणि सीलचं किट मागवणार, असं तू लिहितेस. खोल. पण धुऊ नकोस, आणि किटचे पैसे एवढ्यात भरू नकोस. मकरपुऱ्याच्या आपल्या शेडमध्ये इंजिन उघडलं की पोऱ्या आधी डिझेलचा ब्रश उचलायचा आणि मी तो त्याच्या हातातून काढून घ्यायचो, हे तू पाहिलेलं आहेस. काजळीचा रंग, तेलातला चुरा, पाणी कुठून आलं त्याची गंजाची रेघ, हे सगळं एका तासात धुऊन निघतं. मग नवीन सील घालून इंजिन चालू होईलही, पण ते पुन्हा त्याच जागी तुटेल.

मी जन्मभर पिस्टनची इंजिनं केली. सिलिंडर झिजला तर बोर करून वीस थाउ (इंचाचे हजारावे भाग), नाहीतर चाळीस थाउ ओव्हरसाइज पिस्टन टाकायचा. तेवढ्याने भागलं नाही तर नवा लाइनर ठोकायचा. गिऱ्हाइकाला प्रत्येक वेळी एक पायरी खाली उतरता येते. तुझ्या १३बीमध्ये ही पायरीच नाही. रोटर ज्यात फिरतो ते रोटर हाउसिंग ॲल्युमिनियमचं, आत पोलादी पत्रा, त्यावर क्रोमचा थर. आकार गोल नाही, मधे कंबर आवळलेला. आपल्या बोरिंग मशीनला तिथे काही काम नाही, आणि ओव्हरसाइज रोटर मिळत नाहीत. क्रोम गेलं म्हणजे हाउसिंग गेलं. तू सीलच्या किमती पाठवल्यास. त्या मला दुय्यम वाटतात. खर्चाचा निकाल हाउसिंगवर लागणार.

(त्या इंजिनाचं गणित मात्र मला फार आवडलं. रोटरची त्रिज्या १०.५ सेंमी, शाफ्टची एक्सेंट्रिसिटी (रोटरचा मध्य शाफ्टच्या मध्यापासून जितका सरकलेला तेवढं अंतर) १.५, रुंदी ८. तिन्हींचा गुणाकार करून त्याला तीन गुणिले वर्गमूळ तीन, म्हणजे ५.१९६ ने गुणलं की एका रोटरचे ६५४ सीसी येतात, दोन रोटरचे १३०८. वहीच्या एका ओळीत इंजिन.)

मागचं हाउसिंग उघडलंस की आधी बोटाने बघ, मग नखाने. दोन प्रकारच्या खुणा असतात आणि त्यांचा अर्थ वेगळा. रोटर ज्या दिशेने फिरतो त्या दिशेला लांब ओरखडे किंवा खड्डे असतील, तर ते तुटलेल्या तुकड्यांचे. आडव्या, एकामागे एक लाटा असतील, तर सील थरथरत चाललंय. १९६० च्या दशकात माझदाचे लोक याच लाटांपायी हैराण झाले होते. ‘सैतानाच्या नखांच्या खुणा’ म्हणायचे. केनिची यामामोतो यांच्या माणसांनी सीलची घडण आणि धातू बदलत बदलत शेवटी कार्बन आणि ॲल्युमिनियमचं सील बनवलं, तेव्हा कुठे १९६७ च्या मे महिन्यात त्यांची पहिली रोटरी गाडी, कॉस्मो स्पोर्ट, विक्रीला आली. हे इंजिन ज्याने शोधलं त्या वान्केलचं पहिलं इंजिन एनएसयू या जर्मन कंपनीत १९५७ सालीच फिरलं होतं. फिरवणं जमलं, टिकवायला दहा वर्षं गेली. तुझ्या भिंतीवरच्या पोस्टरमधली, १९९१ साली ल मांची शर्यत जिंकलेली ती माझदाची नारिंगी-हिरवी ७८७बी, तिच्यात चार रोटर आणि सिरॅमिकची सील होती. तुझ्या कामाशी तिचा काही संबंध नाही, हे तुझ्या मित्रांनाही सांग.

स्पार्क प्लगच्या भोकांभोवती आणि कडेला क्रोमचे पापुद्रे सुटलेत का ते बघ. कडेला थोडं उडालं असेल तर त्यावर वाद घालता येतो. सीलच्या वाटेत मधोमध उडालं असेल तर वाद नाही. मायक्रोमीटरने हाउसिंगची रुंदी चार-पाच जागी मोज. माप ८० मिमी, आणि जास्तीत जास्त व कमीत कमी यांच्यात ०.०६ च्या वर फरक नको. प्लगच्या बाजूला कायम आग आणि इनटेकच्या बाजूला कायम थंड हवा, त्यामुळे ते सगळीकडे सारखं तापतच नाही.

तुटलेलं सील गेलं कुठे, हेही शोध. एक्झॉस्ट पोर्टमधून बाहेर, आणि पुढे थेट टर्बोच्या टर्बाइनवर. पात्यांच्या कडा चावल्यासारख्या दिसल्या तर टर्बोचाही खर्च धर. रोटरच्या कोपऱ्यावर खाचेची कड दबली असेल तर नवं सील तिथे मोकळं हलणार नाही. खाच रुंद करायला कानस लावू नकोस. तो रोटर बाजूला ठेव आणि मला कळव.

आता कारण. आधीच्या मालकाने बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, वाढवला होता म्हणतेस. त्यात तो पंपावर ९१ ऑक्टेनचं पेट्रोल भरत असेल तर ठोके बसलेच असणार, म्हणजे मिश्रण आपोआप भडकून सीलवर हातोडा बसल्यासारखं. आपल्या सोसायटीत कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झालेले इतके आहेत की ऑक्टेनवर भाषण मी देत नाही, ते देतात. तिकडे ९८ मिळतं, तेच भर. पण माझं समाधान एवढ्याने होत नाही. पेट्रोल आणि बूस्ट दोन्ही रोटरना सारखेच. मग पुढचा धडधाकट आणि मागचाच का गेला? मला मागच्या रोटरच्या इंजेक्टरवर संशय आहे. कचऱ्याने अर्धा बुजला असेल तर तिथलंच मिश्रण पातळ पडतं, आणि जोर लावला की तिथेच ठोका. चारही इंजेक्टर काढून फ्लो टेस्टला दे, प्रायमरी-सेकंडरी खुणा करून. प्लगवरही लीडिंग-ट्रेलिंग आणि पुढचा-मागचा लिहून ठेव, पुसू नकोस.

दुसरा संशय पाण्याचा. रोटरच्या दोन्ही बाजूंना ज्या लोखंडी प्लेट असतात, त्यांच्यात पाण्याच्या सीलची खाच असते. तिची आतली पातळ भिंत प्लगच्या बाजूला गंजून तुटते. तिथून पाणी आत गेलं असेल तर त्या कप्प्यातली काजळी धुतल्यासारखी स्वच्छ दिसेल. धुऊ नकोस म्हणतो ते यासाठीच. प्लेटवर पट्टी ठेवून फिलर गेज घाल: वाक ०.०४ मिमीच्या आत, सीलने पाडलेली पायरी ०.१० च्या आत. त्याहून जास्त असेल तर प्लेट लॅप करून, म्हणजे घासून सपाट करून मिळते. मात्र वरचा कडक थर किती उरेल ते त्या कारागिराला आधी विचार. तो अडखळला तर दुसरा शोध.

‘न तुटणारी’ सील घेऊ का, असं विचारलंस. माझं मत, कंपनीचीच घे. ती दुसरी तुटत नाहीत हे खरं, पण ठोका बसला की वाकतात, आणि वाकलेल्या सीलने कॉम्प्रेशन जातंच. ठोका बंद करायचा आहे.

जोडणीतलं माझ्या आवडीचं काम साइड सीलचं, म्हणजे रोटरच्या बाजूंना बसणाऱ्या पट्ट्यांचं. बारा आहेत, आणि प्रत्येकाचं टोक त्याच्याच कॉर्नर सीलशी (कोपऱ्यातल्या गोल सीलशी) जुळवून घासायचं. फट ०.०५ ते ०.१५ मिमी. बारीक पॉलिश पेपर काचेवर ठेव, दोन हात मार, घालून बघ, परत काढ. घाई झाली तर ते सील फेकून नवीन घे, मोठ्या फटीत चालवून घेऊ नकोस. झालं की लगेच कप्प्यांच्या ट्रेमध्ये, रोटरचा आणि बाजूचा क्रमांक लिहून. रेडिओ लाव हवं तर, पण त्या दिवशी मित्रांना बोलवू नकोस. सील खाचेत धरून ठेवायला व्हॅसलिन वापर, ग्रीस नको.

एक जागा लोक हमखास चुकतात. पुढचा बोल्ट घट्ट करताना इंजिन आडवं असेल तर आतलं सुयांचं थ्रस्ट बेअरिंग जागेवरून सरकतं आणि स्पेसरखाली चिरडतं. इंजिन उभं ठेवूनच तो बोल्ट कस, आणि मग डायल गेजने एंड प्ले, म्हणजे शाफ्ट पुढे-मागे किती हलतो ते बघ: ०.०४ ते ०.०७ मिमी. फ्लायव्हीलच्या नटाला ५४ चा सॉकेट लागतो. तो भाड्याने मिळतो का बघ, विकत घेऊन त्याचं पुढे काय करणार?

पैशाचं असं ठरवू. सील, बेअरिंग आणि गॅस्केटचं तुझ्याकडे. हाउसिंग लागलंच तर ते माझ्याकडे, पण मापं हातात आल्याशिवाय मी एक डॉलर पाठवणार नाही. इनटेक पॉलिश वगैरे जे काही तुझ्या यादीत खाली लिहिलंय, ते मी वाचलेलं नाही असं समज.

आई लिलो चिवडा पाठवते आहे. शनिवारी खोललंस की मागच्या हाउसिंगचा आणि टर्बाइनचा फोटो आधी पाठव. उजेड समोरून नको, बाजूने तिरपा दे, म्हणजे ओरखडे दिसतात.

तुझे
बाबा